खुंटा एका टोकाला, दावं मोकळं : स्प्रेडशीटमधली ‘आजवरची सरासरी’

(शब्दांकनात सूत्रं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. स्वतःच्या शीटमध्ये टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरावेत.)

मागच्या वेळी आपण बेरीज, सरासरी आणि टक्केवारी पाहिली. व्याख्यान संपलं आणि मी खाली उतरत होते, तर जिन्यात एक ताई थांबलेल्या. मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, “मॅडम, माझं गणित चुकतंय की माझी म्हैस चुकतेय, एवढंच सांगा.”

आजचं सगळं व्याख्यान त्या प्रश्नावर आहे. त्यांच्या परवानगीनं आकडे घेतलेत, नाव घेत नाही.

घरी दोन म्हशी. त्यातली एक दुसऱ्या वेताची. तिच्यासाठी व्यापारी दारात येऊन गेला होता. घरातल्या मुलानं मोबाइलवर शीट करून दिलेली, त्यात रोजचं सकाळ-संध्याकाळ मिळून दूध. दहा दिवसांनी सरासरी निघाली सात लिटर. घरच्यांचं म्हणणं, एवढी पेंड, एवढा कडबा घालून सात लिटर परवडत नाही, देऊन टाकू. ताईंना पटत नव्हतं. धार त्या काढतात. बादलीचं वजन हाताला कळतं की हो. पण आकडा समोर असला की हाताला कोण विचारतं?

शीट साधी होती. ए रकान्यात तारीख, बी रकान्यात लिटर. पहिली ओळ मथळ्याची, म्हणून आकडे बी२ पासून सुरू. दहा दिवसांचे आकडे असे : ९, ८.५, ९.५, ०, ०, ९, ८, ८.५, ९, ८.५. आणि खाली एकच सूत्र, बी२ ते बी११ ची सरासरी. उत्तर ७.

तुमच्यातल्या काही जणांना ते दोन शून्य आत्ताच खटकले असतील. खटकू द्या, त्यांच्याकडे येतेच. पण आधी हे बघा की एका आकड्यावरून काहीच कळत नाही. सात लिटर ही दहाव्या दिवशीची गोष्ट झाली. तिसऱ्या दिवशी किती होती? सहाव्या दिवशी? सरासरी सात ‘झाली’ कशी, हा प्रवास दिसायला हवा. त्यासाठी रोजच्या आकड्याशेजारी त्या दिवसापर्यंतची सरासरी लागते. इंग्रजीत तिला रनिंग ॲव्हरेज म्हणतात, मी ‘आजवरची सरासरी’ म्हणणार आहे.

हाताने करायचं तर सी रकान्यात पहिल्या दिवशी बी२ ते बी२, दुसऱ्या दिवशी बी२ ते बी३, तिसऱ्या दिवशी बी२ ते बी४, असं रोज नवं सूत्र लिहावं लागेल. दहा दिवस जमेल. वर्षभर कोण करणार?

बरं, एकदा लिहून खाली ओढलं तर? सी२ मध्ये लिहिलं =ॲव्हरेज(बी२:बी२), आणि सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून खाली ओढलं. आता सी३ वर टिचकी मारून आत काय आहे ते पाहा : =ॲव्हरेज(बी३:बी३). दोन्ही टोकं एकेक पायरी खाली उतरली. म्हणजे प्रत्येक ओळीत त्याच ओळीची सरासरी, म्हणजे तोच आकडा परत. बी रकान्याची झेरॉक्स निघाली. (हशा)

असं का होतं? कारण सूत्रातला ‘बी२’ हा स्प्रेडशीटच्या लेखी पत्ता नसतोच, ती दिशा असते. सी२ मधून बी२ म्हणजे ‘डावीकडचा शेजारी’. सूत्र खाली नेलं की शेजारीही खालचा. बहुतेक वेळा आपल्याला हेच हवं असतं. इथे मात्र अर्धंच हवंय. रेंजचं शेवटचं टोक खाली सरकायला पाहिजे, पहिलं टोक जागेवर राहायला पाहिजे.

म्हैस रानात बांधता तेव्हा काय करता? खुंटा एका जागी ठोकता आणि दावं लांब सोडता. खुंटा हलत नाही, म्हैस दाव्याच्या टोकाला सरकत जाते. डॉलरचं चिन्ह हा स्प्रेडशीटमधला खुंटा आहे. सी२ मध्ये लिहा :

=ॲव्हरेज($बी$२:बी२)

पहिल्या बी२ ला दोन डॉलर, एक अक्षराआधी, एक आकड्याआधी. दुसरा बी२ मोकळा. आता खाली ओढा. सी३ मध्ये $बी$२:बी३, सी४ मध्ये $बी$२:बी४, सी११ मध्ये $बी$२:बी११. रेंज दर ओळीला एका सेलनं लांबते. म्हणून हिला वाढती रेंज म्हणतात. आजच्या विषयातलं सूत्र एवढंच. बाकीचं जे आहे ते सूत्रात नाही, आकड्यांत आहे.

डॉलर हाताने टाइप करायला कंटाळा येत असेल, तर सूत्र लिहिताना कर्सर पहिल्या बी२ वर ठेवून एफ४ दाबा. दोन्ही डॉलर येतात. पुन्हा दाबलं तर फक्त आकड्याचा राहतो, मग फक्त अक्षराचा, मग सगळे जातात. काही लॅपटॉपवर एफएन धरून एफ४ दाबावं लागतं. मोबाइलवर मात्र हातानेच टाइप करा. आणि खरं सांगायचं तर आपल्या कामात फक्त आकड्याआधीचा डॉलर, म्हणजे बी$२, एवढाही पुरतो, कारण आपण खालीच ओढतोय, बाजूला नाही. दोन डॉलर घालायची सवय असू दे, हरकत नाही.

सहज आठवलं म्हणून सांगते. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क आणलं, आजच्या स्प्रेडशीटची थोरली आजी. त्यात डॉलर नव्हता. सूत्राची नक्कल करताना ते प्रत्येक पत्त्यासाठी थांबून विचारायचं, हा आहे तसाच ठेवू की सरकवू? दर वेळी उत्तर द्यायचं. तो प्रश्नोत्तरांचा त्रास पुढे एका चिन्हात आला. तेव्हा डॉलरला वैतागू नका.

आता ताईंच्या शीटवर हे सूत्र चालवू. सी रकाना असा दिसतो : ९, ८.७५, ९, मग ६.७५, ५.४, ६, ६.२९, ६.५६, ६.८३ आणि शेवटी ७.

बघा, एका क्षणात दिसलं. तीन दिवस नऊच्या आसपास, चौथ्या-पाचव्या दिवशी कडा कोसळावा तशी सरासरी खाली, आणि तिथून दहाव्या दिवसापर्यंत ती चढतेच आहे, अजून वर आलेली नाही. मी ताईंना विचारलं, चौथ्या-पाचव्या दिवशी म्हैस आजारी होती का? त्या म्हणाल्या, “छे हो. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. दूध घातलं डेअरीत, पण मोबाइल माझ्याकडे. मग पोरानं शून्य टाकलं.”

शून्य म्हणजे म्हशीनं दूध दिलं नाही. रिकामा सेल म्हणजे आपण लिहिलं नाही. या दोन वेगळ्या बातम्या आहेत, आणि ॲव्हरेज त्यांना वेगळंच वागवतं. रिकामा सेल ते मोजत नाही, बेरजेतही नाही आणि भागाकारातही नाही. शून्य मात्र मोजतं. ते दोन शून्य पुसून सेल रिकामे केले. सी रकाना झाला : ९, ८.७५, ९, ९, ९, ९, ८.८, ८.७५, ८.७९, ८.७५. बेरीज तीच, ७० लिटर. आधी दहानं भागत होतो, आता आठनं. सात लिटरची म्हैस पावणेनऊ लिटरची झाली, आणि म्हशीला काहीच करावं लागलं नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे डेअरीच्या पावत्या काढून ते दोन आकडे भरणं. तसं मी त्यांना सांगितलं. पण पावती सापडेपर्यंत रिकामं ठेवणं प्रामाणिक आहे, शून्य टाकणं नाही. आणि खरोखरच एखाद्या दिवशी म्हैस आजारी पडून दूध दिलं नाही, तर तिथे शून्यच लिहा, रिकामं ठेवू नका. ही फसवणूक दुसऱ्या बाजूनंही होते.

तिसरा एक चोर आहे. काही जण सेलमध्ये ‘९ लिटर’ असं लिहितात. मध्ये जागा, पुढे शब्द. स्प्रेडशीटच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि ॲव्हरेज मजकूर गुपचूप सोडून देतं. चूक दाखवत नाही, ओरडत नाही. ओळखायची खूण म्हणजे तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल, तर आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. रकान्यावरून एकदा नजर फिरवा. डावीकडे सरकलेला आकडा दिसला की थांबा. लिटर हा शब्द मथळ्यात लिहा, एकदाच.

आता सूत्र खाली किती ओढायचं? पुढच्या महिनाभराचं आधीच ओढून ठेवलंत, तर रिकाम्या ओळींतही सरासरी दिसत राहते, शेवटची होती तीच. पाहणाऱ्याला वाटतं, उद्याचा आकडाही भरलाय. म्हणून अट घाला :

=इफ(बी२="","",ॲव्हरेज($बी$२:बी२))

बी२ रिकामा असेल तर काही दाखवू नको, नाहीतर सरासरी दाखव. याचा दुसरा फायदा असा, की अगदी पहिलीच नोंद रिकामी असेल तर साधं सूत्र ‘भागिले शून्य’ची चूक दाखवतं, ती इथे दिसत नाही. आलेख काढणार असाल तर मात्र एक गोम आहे. एक्सेलचा रेषालेख ती रिकामी अवतरणचिन्हं शून्य समजतो आणि रेघ धाडकन तळाला नेतो. आलेखासाठी रिकाम्या अवतरणांच्या जागी एनए() लिहा. सेलमध्ये कुरूप दिसेल, पण आलेखात खोटी दरी पडणार नाही.

एक्सेलमध्ये हे करताना सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. घाबरू नका. ते म्हणतंय, ‘शेजारी अजून आकडे आहेत, ते तुम्ही घेतले नाहीत.’ आपण मुद्दामच घेतले नाहीत. ते पुढच्या दिवसांचे आहेत.

आता जरा वेगळ्या मैदानावर जाऊ, कारण आजवरच्या सरासरीचा स्वभाव समजायला क्रिकेटइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. डॉन ब्रॅडमन. पहिली कसोटी १९२८ मध्ये ब्रिस्बेनला. दोन डावांत १८ आणि १. म्हणजे दुसऱ्या डावानंतर ब्रॅडमनची आजवरची सरासरी साडेनऊ! पुढच्या कसोटीतून वगळलं. परत आले ते मेलबर्नला ७९ आणि ११२. सरासरी ९.५ वरून ३२.६७ आणि मग ५२.५. दोन डावांत एवढी उडी.

आणि आता दुसरं टोक. १४ ऑगस्ट १९४८, ओव्हल, शेवटचा डाव. मैदानात उतरले तेव्हा ६,९९६ धावा, ६९ वेळा बाद, सरासरी १०१.३९. होलीसनं दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. शून्य. सरासरी झाली ९९.९४. चार धावा झाल्या असत्या तर बरोबर शंभर. जगभर हळहळ झाली, पण गणिताकडे बघा. शून्यावर बाद होऊनही सरासरी हलली फक्त १.४५ नं.

का? याचं सूत्र पाठ करण्यासारखं आहे. नवी सरासरी म्हणजे जुनी सरासरी, अधिक (नवा आकडा वजा जुनी सरासरी) भागिले एकूण किती आकडे झाले ते. शून्य वजा १०१.३९, भागिले ७०, म्हणजे उणे १.४५. दुसऱ्या आकड्याला निम्मं वजन, दहाव्याला दहावा हिस्सा, सत्तराव्याला सत्तरावा. सुरुवातीला ही सरासरी वासरासारखी उधळते आणि नंतर म्हातारी होत जाते, जागची हलत नाही. म्हणून पहिल्या चार-पाच ओळींवरून कुणाबद्दल मत बनवू नका. आणि दोनशेव्या ओळीला ती स्थिर दिसतेय म्हणून निर्धास्तही राहू नका.

हे दुसरं वाक्य ताईंसाठी जास्त महत्त्वाचं. म्हैस व्यायली की पहिले काही आठवडे दूध वाढत जातं, मग हळूहळू उतरत जातं, शेवटी आटतं. समजा १९९ दिवसांची सरासरी ८ लिटर आहे आणि आज ती ४ लिटर देतेय. आजवरची सरासरी होईल ७.९८. आकडा म्हणतो सगळं छान, बादली म्हणते अर्धं. आकडा खोटा नाही, पण तो ‘व्याल्यापासून एकूण कसं चाललंय’ याचं उत्तर देतोय. व्यापारी विचारतोय, ‘आत्ता किती देते?’ त्याचं उत्तर शेवटच्या सात दिवसांच्या सरासरीत आहे. ती करायला खुंटाच नको. सी८ मध्ये =ॲव्हरेज(बी२:बी८), दोन्ही टोकं मोकळी, आणि खाली ओढा. सात दिवसांची खिडकी जशीच्या तशी खाली सरकते. तिला सरकती सरासरी म्हणतात. दोन्ही रकाने शेजारी ठेवा. सरकती जेव्हा आजवरच्या सरासरीच्या खाली जाऊन तिथेच राहते, तेव्हा म्हैस उताराला लागली.

ब्रॅडमनकडे एकदा परत जाऊ. डाव एकूण ८० होते, आणि दहा वेळा ते नाबाद. फक्त धावांचा रकाना घेऊन ॲव्हरेज लावलंत तर ६,९९६ भागिले ८०, म्हणजे ८७.४५ येईल. साफ चूक. क्रिकेटमध्ये भागायचं असतं बाद झालेल्या वेळांनी. म्हणून सी रकान्यात बाद असेल तर १, नाबाद असेल तर ०, आणि सूत्र : =सम($बी$२:बी२)/सम($सी$२:सी२). वाढती रेंज तीच, फक्त दोनदा. कशानं भागायचं हे सूत्राला कळत नाही, ते आपण सांगायचं.

दुधाच्या फॅटचंही तेच. सकाळी ६ लिटर, फॅट ६. संध्याकाळी ३ लिटर, फॅट ७.५. दोन फॅटची साधी सरासरी ६.७५. पण सकाळचं दूध दुप्पट आहे. लिटर गुणिले फॅट करून बेरीज घेतली तर ५८.५, भागिले ९, म्हणजे ६.५. पावती ताडून बघायची असेल तर हा साडेसहा घ्या. नाहीतर पाव पॉइंटवरून उगाच डेअरीवाल्याशी भांडाल. शीटमध्ये लिटर बी रकान्यात आणि फॅट सी रकान्यात असेल तर =समप्रॉडक्ट($बी$२:बी२,$सी$२:सी२)/सम($बी$२:बी२). प्रत्येक रेंजचं पहिलं टोक बांधलेलं आहे ना, हे एकेक करून तपासा. भागाकारातल्या सममध्ये बांधायचं विसरलात तरी उत्तर येतं, पण ते चुकीचं असतं. हीच भीती आहे.

आता प्रश्न घेते.

“मध्येच जुनी तारीख घालायची राहिली तर?” मध्ये ओळ घातलीत तर रेंज आपोआप ताणली जाते, फक्त नव्या ओळीत सी रकान्याचं सूत्र ओढून घ्या. अडचण पहिल्या ओळीची आहे. मथळ्याच्या लगेच खाली नवी ओळ घातली तर खुंटाच खाली सरकतो, $बी$२ चा $बी$३ होतो, आणि नवा आकडा हिशेबाबाहेर राहतो. त्यावर सोपा तोडगा म्हणजे खुंटा मथळ्यातच ठोका, $बी$१:बी२. मथळा मजकूर आहे, ॲव्हरेज तो मोजणार नाही, आणि त्याच्या खाली काहीही घातलं तरी ते रेंजच्या आतच येईल.

“मी सगळ्यात नवी तारीख वर ठेवतो.” मग खुंटा तळाला. सी२ मध्ये =ॲव्हरेज(बी२:बी$३६६) आणि खाली ओढा. वरचं टोक मोकळं, खालचं बांधलेलं. पण एकदा ठरवलेला क्रम मोडू नका. ही सरासरी क्रमावर उभी आहे. कुणी लिटरप्रमाणे चढत्या क्रमानं लावलं की सी रकान्याला काही अर्थ उरत नाही.

“एक्सेलचं टेबल केलंय, त्यात शेवटच्या ओळी बिघडतात.” हो, बिघडतात. टेबलात खाली नवी ओळ जोडली की वरच्या सूत्राचं मोकळं टोकही कधीकधी ताणलं जातं. तिथे =ॲव्हरेज(इंडेक्स([लिटर],१):[@लिटर]) असं लिहा. म्हणजे ‘लिटर रकान्याच्या पहिल्या सेलपासून याच ओळीपर्यंत’. सेलचा पत्ताच नाही, त्यामुळे ताणायला काही उरत नाही.

“आमच्या संकलन केंद्राच्या लाखभर नोंदी आहेत. शीट गुदमरते.” गुदमरणारच. प्रत्येक ओळ पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचते. ३६५ ओळींना ६६,७९५ सेल वाचायचे, काही वाटत नाही. एक लाख ओळींना सुमारे ५०० कोटी. तिथे वाढती रेंज सोडा. एका रकान्यात चालती बेरीज ठेवा, कालची बेरीज अधिक आजचा आकडा. दुसऱ्यात चालती मोजणी, आणि तिसऱ्यात भागाकार. प्रत्येक ओळ फक्त वरच्या ओळीकडे बघते.

घरी करायला एक उदाहरण देते. सचिन तेंडुलकरची पहिली कसोटी मालिका, १९८९, पाकिस्तानात. सहा डाव : १५, ५९, ८, ४१, ३५, ५७. एकदाही नाबाद नाही, त्यामुळे साधं ॲव्हरेज चालेल. बी२ ते बी७ मध्ये भरा, सी२ मध्ये सूत्र, खाली ओढा. १५, ३७, २७.३३, ३०.७५, ३१.६ आणि शेवटी ३५.८३ यायला हवं. सगळीकडे धावांचाच आकडा परत दिसला, तर डॉलर घालायचा राहिलाय.